कुत्र्याच्या छत्रीचे बारसे

चकलीचा तुकडा मोडत हा अंक चाळणाऱ्या वाचकापुढे विषाची गोष्ट काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु भांडण पावसाळ्यात सुरू झाले आणि ज्यांच्याशी ते आहे ती मंडळी दिवाळीलाच घरी येतात. तेव्हा माझी बाजू आधीच छापून आलेली बरी.

भांडणाचे कारण बोटभर उंचीचे आहे. आमच्या धंतोलीत जुने बंगले पाडून तिथे दवाखाने उभे करण्याचा क्रम गेली कित्येक वर्षे अखंड चालू आहे. इथे गच्चीवरून दगड भिरकावला तर तो एक तर दवाखान्यावर पडेल, नाही तर दवाखान्यापुढे उभ्या केलेल्या मोटारीवर. या दाटीत आमचे अंगण कसेबसे टिकून आहे. अंगणात एक आंबा आहे, आणि आंब्याखाली सुताराने टाकून दिलेल्या लाकडी भुशावर यंदाच्या आषाढात लहान तपकिरी छत्र्या उगवल्या. टोपी जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढी, देठ काडीसारखा. लहानपणी आम्ही यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणत असू आणि काठीने उडवून देत असू. निवृत्तीनंतर मला त्या उडवाव्याशा वाटेनात, ओळखाव्याशा वाटल्या. माणसाला कोणत्या वयात काय सुचेल याचा नेम नाही.

त्याच आठवड्यात आमचे मेहुणे पुण्याहून आले. त्यांनी चहा व्हायच्या आत मोबाइल काढला, छत्रीचा फोटो घेतला आणि ॲपला दाखवला. ॲपने क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगितले: मॅरास्मियस ओरिएडीस. युरोपात गवतावर उगवते, लोक आवडीने खातात. मेहुण्यांचा चेहरा उजळला. "दाजी, अहो आळंबी ही! उगाच काय भिंगे लावून बसता? लोण्यावर परतू या. आणि काही झालेच, तर दवाखाना समोरच आहे!"

घरातली मंडळी हसली. मीही हसलो, कारण पाहुण्यांच्या विनोदाला हसायचे असते. परंतु त्या दोन वाक्यांत, म्हणजे 'आळंबी ही' आणि 'दवाखाना समोरच आहे' यांत, जेवढे धोकादायक अज्ञान भरले आहे तेवढे एखाद्या निरक्षर गावात शोधूनही सापडायचे नाही.

दवाखान्याचे आधी पाहू. लहान तपकिरी छत्र्यांपैकी काहींत अमॅटॉक्सिन नावाचे विष असते. लाकडावर उगवणारी गॅलेरिना मार्जिनाटा त्यांतलीच. लेपिओटा प्रजातीतल्या काही लहान खवलेदार छत्र्याही त्यांतल्याच. हे विष उकळून जात नाही, तळून जात नाही, वाळवूनही जात नाही. ते पोटात गेल्यावर सहापासून चोवीस तासांपर्यंत माणूस ठणठणीत असतो. रात्री जेवतो, झोपतो, सकाळी कामालाही लागतो. मग ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. मग तेही थांबतात, रोगी उठून बसतो, पेज मागतो, घरचे लोक देवापुढे साखर ठेवतात. आणि नेमक्या त्याच वेळी आत यकृत नासत असते. त्यावर हमखास असा उतारा अजून नाही. दवाखाना समोर असो की शेजारी, दुखू लागेपर्यंत त्याची पायरी चढणार कोण? २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामच्या चहामळ्यांच्या मुलखात रानातल्या छत्र्या खाऊन तेरा माणसे दगावली.

यावर आमच्या शेजारच्या काकूंनी आपला रामबाण उपाय सांगितला. भाजीत चांदीचा रुपया टाकायचा. काळा पडला तर विषारी, नाही तर खुशाल खा. काकूंचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही, पण चांदी काळी पडते ती गंधकाने. अंड्याने पडते, लसणाने पडते. अमॅटॉक्सिनने ती तसूभरही काळवंडत नाही. म्हणजे निरुपद्रवी लसूण काकूंच्या घरी दोषी ठरतो आणि खुनी सुटतो. 'किड्याने खाल्लेली छत्री माणसाला चालते' हा दुसरा सिद्धान्त. किड्याचे यकृत आणि आपले यकृत यांत काही फरक आहे, एवढे तरी आपण मानावे.

परंतु काकूंवर रागावण्यात अर्थ नाही. त्यांच्या रुपयात निदान शंका तरी आहे. माझे खरे भांडण आहे ते मेहुण्यांच्या नाव मिळवण्याच्या घाईशी.

मी काय केले ते सांगतो. त्याच छत्रीचा दुपारी दुसरा फोटो काढायला लावला. ॲप म्हणाले, सॅथिरेला. मग छत्री उलटी करून तिसरा काढला. ॲप म्हणाले, गॅलेरिना! सकाळी लोण्यावर परतायची वस्तू दुपारपर्यंत स्मशानाच्या वाटेला लागली होती, आणि तिन्ही वेळा त्या यंत्राचा आत्मविश्वास तसूभर ढळला नव्हता. मेहुणे म्हणाले, "फोटो नीट आला नसेल." अहो, फोटो उत्तम आला होता. या छत्र्यांची गंमतच अशी आहे की यांतल्या पुष्कळशा ओल्या असताना काळपट तपकिरी दिसतात आणि उन्हाने वाळल्या की बिस्किटाच्या रंगाच्या होतात. देठावर कडे असले तर ते एका सरीत धुऊन जाते. एकाच छत्रीची सकाळची आणि दुपारची मुद्रा वेगळी. मग मुद्रेवरून ओळख पटवायची कशी?

आणि याहून मोठी गोष्ट अशी की त्या छत्रीला नाव असेलच कशावरून? बुरशीवर्गातल्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. जगात त्या एकूण बावीस ते अडतीस लाख असाव्यात असा अंदाज २०१७ साली शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिकांचे बारसेच झालेले नाही. आमच्या आंब्याखालची छत्री या बिननावाच्या जमावातली असू शकते. पण ॲपला 'ठाऊक नाही' म्हणणे जणू ठाऊकच नाही. ते आपल्याजवळच्या नावांपैकी एक काढून तिच्या कपाळी चिकटवते, आणि आपण ते कुंकवासारखे मानतो.

मेहुण्यांच्याच पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० साली साठे आणि देशपांडे यांचे महाराष्ट्रातल्या छत्र्यांवरचे काम प्रसिद्ध केले. ते इंग्रजीत आहे. अशा कामात एकेका नमुन्याचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात, आणि तेव्हा कुठे नाव लिहिता येते. मेहुण्यांना चहा निवायच्या आत ते हवे होते.

"एवढे घाबरायला काय झाले? लाखो लोक रानातले खातात!" खातात. निकोलस एव्हान्स हा नामांकित इंग्रज कादंबरीकारही खात असे. २००८ साली स्कॉटलंडमध्ये मेहुण्याकडे गेला असताना (मेहुण्याकडे, हे मी मुद्दाम नमूद करतो) त्याने खाण्याजोग्या समजून तपकिरी छत्र्या आणल्या. त्या कॉर्टिनेरियस निघाल्या. चौघांनी खाल्ल्या, चौघे आजारी पडले. एव्हान्सची मूत्रपिंडे गेली आणि २०११ साली मुलीने आपले एक दिले तेव्हा त्याची सुटका झाली.

आता रानातले खरेच खाणाऱ्यांचे ऐका. श्रावणात आमच्या गल्लीत एक बाई टोपली घेऊन आली. टोपलीत पळसाच्या पानांवर सात्या होत्या. सात्या म्हणजे वाळवीच्या वारुळावर येणारी आपल्या विदर्भातली मटणाहून महाग भाजी. वाळवी तिला जमिनीखाली शेतासारखी जोपासते. मी बाईंना आंब्याखाली नेले आणि विचारले, "मावशी, ह्या कोणत्या?"

त्यांनी वाकून पाहिले, एक उपटली, हुंगली. "हे मले नाई मालूम, भाऊ."

"म्हणजे विषारी?"

"तेही नाई मालूम. जे मालूम नाई ते मी टोपलीत घेत नाई." मग त्यांनी टोपलीतली एक सात्या उचलून दाखवली. टोपीला मधोमध टोक, आणि खाली लांबलचक मूळ. "सात्याले हे मूळ रायते. खाली वारुळापर्यंत जाते. मूळ नाई त सात्या नाई."

जन्मभर रान तुडवलेली ही बाई दोन शब्दांत आपल्या ज्ञानाची सीमा सांगते, आणि पदवीधर मेहुण्यांना ती सीमा दिसत नाही. मी त्या दिवशी पाव किलो सात्या घेतल्या. बाईंनी सांगितलेल्या भावात एक रुपयाही कमी करायला लावला नाही. सौभाग्यवती अजून बोलून दाखवतात.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांना वाटते, असली ब्याद उपटून फिनेल ओतावे. त्यांनाही माझे एवढेच सांगणे की छत्री हाताळल्याने विष चढत नाही; खाल्ल्याने चढते. भुशाची माती करण्याचे काम ती मुकाट्याने करते आहे, ते तिला करू द्यावे. आणि शिकायचे असेल तर जरूर शिकावे. देठ न तोडता बुडापासून माती खणून छत्री काढावी. ती भुशावर होती, शेणावर की गवतात, हे लिहून ठेवावे. टोपी कापून, पोटातल्या पातळ पट्ट्या खाली येतील अशी पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि वाटी झाकून रात्रभर तशीच असू द्यावी. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. मॅरास्मियसचा पांढरा, सॅथिरेलाचा काळपट, पॅनिओलसचा कोळशासारखा. इतका सुंदर असतो की सौभाग्यवतींनी एक पाहून रांगोळीचा नमुना उतरवून घेतला.

आमच्या छत्रीचा ठसा गंजाच्या रंगाचा आला. म्हणजे सकाळचे मॅरास्मियस खोटे आणि दुपारचे सॅथिरेलाही खोटे. उरल्या गॅलेरिना, जिम्नोपिलस आणि आणखी काही. त्यांतली कोणती, हे माझ्या भिंगाला सांगता येत नाही. या पावसाळ्यात मी असे चौदा ठसे घेतले. नावे तिघांचीच लागली, तीही प्रजातीपर्यंत. अकरा लिफाफे बिननावाचे टेबलाच्या खणात पडून आहेत.

परवा मेहुण्यांचा फोन आला. दिवाळीला येतो म्हणाले, आणि जाता जाता विचारले, "काय निघाली हो ती आळंबी शेवटी?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"अजून?"

"अजून."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरे, मग तो भुसा तसाच ठेवा. यंदा येताना भिंग घेऊन येतो."