पुढच्या दहा वर्षांचा हिशेब द्या!

हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा आणि बर्कतपुऱ्यातील समस्त मराठी बंधुभगिनींना जाहीर आवाहन

गेल्या रविवारी वर्तमानपत्रात घालून एका खासगी रुग्णालयाचे पत्रक घरोघर आले: 'किडनी प्रत्यारोपण, यशाची खात्री.' यश कशाला म्हणायचे? रुग्ण घरी गेला म्हणजे? वर्षभर किडनी चालली म्हणजे? आमच्या मंडळाचे कार्यकर्ते विचारायला गेले, तर काउंटरवर त्यांना पॅकेजचा कागद दिला. माणसाच्या जिवाचे हे असले उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

मृत दात्यांच्या किडन्यांवरचा 2013 चा एक मोठा अभ्यास पाहा. पहिल्या वर्षानंतर युरोपात आणि अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांत सारख्याच, 91 टक्के किडन्या चालू होत्या. दहा वर्षांनी युरोपात 56 टक्के उरल्या, अमेरिकेतल्या गोऱ्यांत 46 आणि कृष्णवर्णीयांत अवघ्या 34. म्हणजे फरक ऑपरेशन थिएटरात पडला नाही, नंतर पडला. कारणे अनेक असतील, पण त्या काळी अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या बहुतेक रुग्णांचा, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांचा सरकारी खर्च तीन वर्षांनी बंद होई, हे विसरू नका. तो नियम 2023 मध्ये बदलला.

आणि आपल्याकडे? आपल्याच एका गल्लीत आईने मुलाला किडनी दिली. मुलांच्या फीचे दिवस आले, तेव्हा त्याने टॅक्रोलिमस या अशाच औषधाची संध्याकाळची गोळी गाळायला सुरुवात केली. घरात कोणाला सांगितले नाही. किडनी बिघडल्याचे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले तेव्हा उशीर झाला होता. आज तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. शेजारी असून आपल्याला पत्ता नाही, याची लाज वाटायला हवी. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य बायकाच असतात. त्यांचे दान असे वाया घालवायचे?

2023 मध्ये मृत्युपश्चात अवयवदानात तेलंगणा देशात पहिला होता, याचा अभिमान आहेच. पण किती किडन्या बसवल्या हे कळते. कोणत्या रुग्णालयातली किती वर्षे चालली, हे सामान्य माणसाला कुठे कळते? अमेरिकेत प्रत्येक केंद्राचे आकडे जाहीर होतात. कोणी म्हणतील, आकडे मागितले तर डॉक्टर अवघड रुग्ण घेणार नाहीत. तिथे वय, मधुमेह सगळे हिशेबात धरूनच तुलना करतात. हा बहाणा पुरे.

तेव्हा एवढे कराच. रुग्णालयाला लेखी विचारा: एक, पाच आणि दहा वर्षांनी किती रुग्ण जिवंत, किती किडन्या चालू? जिवंत आणि मृत दात्यांचे आकडे वेगळे मागा. हे आकडे जाहीर करावेत म्हणून निम्स रुग्णालयातल्या जीवनदान या राज्याच्या अवयवदान योजनेच्या कार्यालयाला द्यायच्या निवेदनावर सह्या करा. पांढरे रेशनकार्ड असेल तर आरोग्यश्री या सरकारी योजनेतून गोळ्या मिळवा. नसेल आणि पैसे कमी पडत असतील तर गोळी गाळण्याआधी आम्हाला सांगा. करोनात ऑक्सिजनची सिलिंडरे खांद्यावरून वाहणारे हे मंडळ आहे, गोळ्यांसाठी कोणाला हात पसरू देणार नाही. टॅक्रो लेव्हलला, म्हणजे रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या तपासणीला, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे असते. सोबत माणूस नसेल तर आमचा कार्यकर्ता येईल. अवयवदानाची इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवा.

सह्या येत्या रविवारी सकाळी दहापासून मंडळाच्या सभागृहात. प्रत्यारोपण झालेल्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स आणावी. नावे गुप्त राहतील.