श्वासातून यकृताची खबर

"आमच्या घरात शराबला कुणी हात लावत नाही, मग लिव्हरचा आजार कसा होईल?" हा सवाल आपल्या घरांतून हमखास ऐकू येतो. शराब हराम आहे आणि ती यकृताची नासाडी करते, हे खरेच. पण यकृताच्या कॅन्सरची ती एकमेव वाट नाही. हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, लठ्ठपणा, मधुमेह आणि त्यासोबत येणारे फॅटी लिव्हर, बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांतले विष, या वाटा परहेजगार माणसाच्या घरापर्यंतही येतात.

हा आजार गुपचूप वाढतो. कावीळ दिसेपर्यंत, पोटात पाणी भरेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच सुई न टोचता, नुसत्या श्वासावरून तो ओळखता येईल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

श्वासात इतके काय असते? रमजानमध्ये दुपारनंतर तोंडाचा वास बदलतो, हे आपण सगळेच जाणतो. तोंड कोरडे पडते आणि उपाशी शरीर चरबी वापरू लागले की असिटोन नावाचा वायू श्वासात वाढतो. म्हणजे शरीरात जे घडते त्याची खबर श्वास बाहेर आणतो. १९७१ साली लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने माणसाच्या श्वासात सुमारे २५० पदार्थ असल्याचे दाखवले.

यकृताचे उदाहरण तर मजेशीर आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीचा जो सुगंध येतो, तो लिमोनिन या पदार्थाचा. तो खाण्यातून पोटात जातो आणि निरोगी यकृत त्याचे विघटन करते. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे कडक पडलेल्या यकृताला ते जमत नाही. मग लिमोनिन शरीरात साठते आणि श्वासातून बाहेर पडते. इंग्लंडमधल्या संशोधकांना अशा रुग्णांच्या श्वासात ते जास्त आढळले. यकृत बदलल्यावर कमी झालेलेही दिसले. यकृताचा कॅन्सर बहुतेकदा सिरॉसिसमधूनच उद्भवतो, म्हणून या खुणेला मोल आहे.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २०२० मध्ये २९६ जणांचा श्वास तपासला. श्वासाच्या चाचणीने यकृताच्या कॅन्सरचे सुमारे ७३ टक्के रुग्ण ओळखले. एएफपी ही नेहमीची रक्ततपासणी त्याच लोकांत ५३ टक्क्यांपर्यंतच पोहोचली. पण ७३ म्हणजे शंभरातले २७ निसटले, हेही ध्यानात घ्यावे. खाणे, औषधे, बिडी-सिगारेट यांनीही श्वास बदलतो. त्यामुळे ही चाचणी अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. कुणी "फुंक मारा, कॅन्सर कळेल" म्हणून पैसे मागितले तर त्याच्या नादी लागू नका.

मग आज आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बीची लस द्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. घरातल्या मोठ्यांची बी आणि सीची रक्ततपासणी एकदा तरी करून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सी तर गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. सिरॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. जुना हेपॅटायटिस बी असलेल्यांनी ती कधीपासून करायची हे डॉक्टरांना विचारावे. हज-उमऱ्याला डोके मुंडताना, हिजामा करताना, मुलाच्या खतन्याच्या वेळी नवे ब्लेड किंवा निर्जंतुक केलेली हत्यारेच वापरा. काविळीला दम करून घ्या, दुआ जरूर मागा, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नका. इलाज करणे हीदेखील आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे.

एक गोष्ट आम्हाला फार खटकते. गरोदरपणी सुनेच्या रक्तात बी निघाला की काही घरांत तिची ताट-वाटी वेगळी होते. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो; एका दस्तरखानवर, एका ताटात जेवल्याने जात नाही. खुद्द तिला तो बहुधा तिच्या जन्माच्या वेळी किंवा लहानपणी लागलेला असतो. त्यात तिचा काय गुन्हा? तिची प्रसूती दवाखान्यात करा, बाळाला वेळेवर लस आणि डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन द्या, आणि तिला जवळ बसवून जेवा.

श्वासाची चाचणी इन्शाअल्लाह एक दिवस आपल्या तालुक्यातही येईल. तोवर रक्ताची एक साधी तपासणी आपली वाट पाहते आहे.