धक्क्यावरचे दिवस

शिडाच्या बोटीचे चित्र काढायला सांगितले की मुले निळा समुद्र, वाऱ्याने फुगलेले शीड आणि वर दोन-तीन पक्षी काढतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत असली शेकडो चित्रे आम्ही तपासली. बोटीच्या तळाखाली बसून, हातात पत्रा घेऊन चिकटलेले शिंपले खरवडणारा माणूस मात्र एकाही चित्रात आम्हाला दिसला नाही. मुलांचा त्यात काय दोष? वर्तमानपत्रात फोटो येतो तोही शीड फुगल्यावरच.

प्रत्यक्षात शिडाच्या बोटीवरच्या माणसाचे दिवस तीन प्रकारचे असतात. पहिले दुरुस्तीचे, दुसरे किनाऱ्याजवळच्या छोट्या फेऱ्यांचे आणि तिसरे खोल समुद्रातल्या लांब सफरीचे. नाव होते ते तिसऱ्या दिवसांमुळे. माणूस जिवंत परततो तो मात्र पहिल्या दोन प्रकारच्या दिवसांमुळे. या महिन्यात वाचकांशी याच गोष्टीवर बोलायचे आहे, कारण तिचा संबंध आपल्या घरांशी आणि आपल्या मुलांच्या तालमीशी आहे.

सुरुवात मुंबईत बांधलेल्या एका बोटीपासून करू. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवर नोकरीला होते. मुंबई ते इराणच्या आखातातील बंदरे हा त्यांचा नेहमीचा मार्ग. 1960 च्या दशकात त्यांनी मुंबईत सागवानाची 32 फुटी शिडाची बोट बांधून घेतली. आपल्याकडचे सुतार वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता यांसारखी जुनी हत्यारे घेऊन त्या कामाला बसले होते. बोटीचे नाव ठेवले ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. सुहैल हे नाव तर आपल्या घराघरांत आहे.

14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन याच सुहैलीतून इंग्लंडहून एकटे निघाले आणि पृथ्वीला फेरी घालून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. कुठल्याही बंदरात न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले. त्या शर्यतीत 9 जण उतरले होते. शेवटपर्यंत पोहोचले ते एकटेच.

त्यांना आरंभीच काय करावे लागले ते पाहा. सफरीच्या पहिल्याच टप्प्यात बोटीत पाणी येऊ लागले. तळाकडच्या फळ्यांचे सांधे सैल झाले होते. मदतीला कोणी नाही, जवळ बंदर नाही. त्यांनी पाण्यात उडी घेतली आणि श्वास रोखून बोटीखाली जाऊन सांध्यात कापूस ठोकायचा प्रयत्न केला. कापूस टिकेना. मग वर येऊन कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, पट्टीत तांब्याच्या चुका अडकवल्या आणि पुन्हा बुडी मारून ती सांध्यावर ठोकली. मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालू लागला. वर येऊन बंदुकीने त्याचा बंदोबस्त केला आणि पुन्हा हातोडी घेऊन ते पाण्यात उतरले. पुढचे दहा महिने त्यांना तारून नेणाऱ्या गोष्टींत सुई, दोरा, कापूस आणि चुका यांचाही वाटा होता. आपल्या कोकणातला कोणताही जुना बोटसुतार हे काम ओळखेल.

आता आपल्या माणसांकडे येऊ. एकट्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी घालावी, हे स्वप्न व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत. 2006 मध्ये नौदलाने स्वयंसेवक मागितला तेव्हा कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांना लगेच बोट देऊन समुद्रात सोडले का? मुळीच नाही. बोट होतीच कुठे? दोंदे आधी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले आणि त्यांच्या शर्यतीच्या बोटीच्या तयारीत मदतनीस म्हणून राबले. नौदलाचा कमांडर हुद्द्याचा अधिकारी दुसऱ्याच्या बोटीवर दोऱ्या ओढतो, सामान वाहतो, पान्हे हातात देतो, हे चित्र आपण डोळ्यांसमोर आणावे. त्यांची शाळा तिथे सुरू झाली.

नंतर गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाड बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटी बोट बांधायला घेतली. लाकडाच्या सांगाड्यावर काचतंतूंचे थर चढवून ती तयार झाली. नाव दिले नदीचेच, ‘म्हादेई’. दोंदे या बांधणीच्या काळात तिथेच असत. कुठली नळी कुठून जाते, कुठली तार कुठे जोडली आहे आणि कुठला बोल्ट कुठे बसवला आहे, हे ज्याने बसवताना पाहिले, त्यालाच ते अंधारात हाताने चाचपून सापडते.

फेब्रुवारी 2009 मध्ये बोट नौदलाकडे आली. तरीही लगेच प्रदक्षिणा नाही. आधी गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या फेऱ्या झाल्या. मग सोबत्यांसह मॉरिशसपर्यंतची सफर झाली आणि तिथून गोव्यापर्यंत दोंदे एकटे परतले. त्यानंतरच 19 ऑगस्ट 2009 रोजी त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन अशा चार बंदरांत थांबत ते 19 मे 2010 रोजी मुंबईत परतले. त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी निघाले आणि कुठेही न थांबता 151 दिवसांत, 31 मार्च 2013 रोजी परत आले.

जवळच्या फेऱ्यांचे महत्त्व काय, असे कोणी विचारेल. उत्तर सोपे आहे. जे मोडायचे ते घराजवळ मोडू द्यावे. धक्क्याला बांधलेली बोट सगळी शाबूत दिसते. वारा भरला आणि बोट कलली की मग कळते, कुठली दोरी कशाला घासते, कुठल्या झडपेतून पाणी गळते, कुठले सामान आपटते. संध्याकाळी परत येऊन ते ठीक करता येते. किनाऱ्यापासून हजार मैलांवर हीच चूक जिवावर बेतते.

दुरुस्तीचे दिवस तरी इतके का लागतात? समुद्र बोटीला सतत खात असतो म्हणून. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, बोट जड होते, वेग कमी होतो. त्यासाठी बोट वर ओढून तळ खरवडायचा आणि खास रंग द्यायचा. उन्हाने शिडाचा धागा कुजतो, म्हणून शिवण बोटांनी तपासायची. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारेचा एखादा पदर तुटला तर डोळ्यांना दिसत नाही. तारेवरून चिंधी फिरवली की ती तिथे अडकते आणि चोर सापडतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू जवळ आले की त्यांच्यात बारीक वीज वाहते आणि कमजोर धातू झिजू लागतो. म्हणून बोटीखाली जस्ताचे तुकडे लावतात. जस्त आधी झिजते आणि पंखा-दांडा वाचतो. अर्धे झिजले की तुकडा बदलायचा. विसरले तर मग पंख्याची पाळी.

खोल समुद्रात गेल्यावरही हे काम सुटत नाही. उजाडले की पहिले काम म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाणे. पिन निघाली का, दोरी कातरली का, फळीवर एखादा सुटा नट पडला आहे का, हे पाहायचे. नट दिसला तर तो कुठून निसटला ते सापडेपर्यंत चैन नाही. तळात पाणी किती साचले ते मोजायचे. दररोज, कंटाळा आला तरी.

एवढे करूनही मोडायचे ते मोडतेच. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 10 सप्टेंबर 2017 रोजी प्रदक्षिणेला निघाल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेले नसताना त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावे लागले. दुरुस्ती करून 21 मे 2018 रोजी त्या गोव्यात पोहोचल्या. पुढे 2 ऑक्टोबर 2024 रोजी याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी परतल्या. अभिलाष टॉमी यांना 2018 च्या शर्यतीत वादळाने गाठले, डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. 2022 मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीला गेले. वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूची पाती मोडली तेव्हा बोटीतलेच सामान, अगदी शौचालयाचे दारसुद्धा कापून त्यांनी नवी पाती केली आणि 236 दिवसांनी दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली. करवत कशी धरायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ते नुसते दारच राहिले असते.

आता मूळ मुद्दा. हर्णै, दाभोळ, बाणकोट, जयगड, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या आपल्या कित्येक घरांत एखादे पणजोबा किंवा आजोबा आगबोटीवर होते. त्यांच्या हुद्द्यांची नावे अजून काही घरांत बोलली जातात: सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब, खलाशी. यातला कसाब म्हणजे खाटीक नव्हे बरे. बोटीवरचा रंग, दोर, दिवे आणि हत्यारे यांचे कोठार ज्याच्या ताब्यात असे, तो कसाब. गंज खरवडणे, रंग देणे, दोर विणणे, डेक घासणे हेच या माणसांचे रोजचे काम होते. त्यावर कोकणात घरे उभी राहिली, मुले शिकली. आपले शिक्षणही त्याच कमाईतून झाले असे सांगणारे वाचक थोडे नसतील.

आणि आज? मुलगा जहाजावर जावा, डॉलरमध्ये पगार मिळावा, पांढरा गणवेश असावा, असे प्रत्येक घराला वाटते. वाटण्यात वाईट काही नाही. पण त्याच मुलाने सुट्टीत चाचांच्या होडीला रंग द्यायला हात लावला तर अम्मी म्हणते, “बेटा, हे काम आपले नाही. तू अभ्यास कर.” पंखा बंद पडला की मिस्त्री, नळ गळला की मिस्त्री, सायकलची चेन उतरली तरी मिस्त्रीच. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली मुले आमच्यासमोर येतात, पण स्क्रू कुठल्या दिशेने फिरवला की सैल होतो हे त्यांना सांगता येत नाही. मुलींच्या हाती तर पाना द्यायचा विचारच होत नाही. तारिणीवर मात्र दोघीच होत्या. तिथे मिस्त्री कुठून आणणार?

नुकसान नोकरीपुरते नाही. हाताच्या कामाला आपण हलके मानले की ते काम करणाऱ्या माणसालाही हलके मानतो. जो तांडेल वाऱ्याचा वास घेऊन घरी परततो, त्याच्या शेजारी पँट-शर्टातला मुलगा बसायला लाजतो. त्याच तांडेलाच्या डोक्यात चाळीस वर्षांचे ज्ञान असते आणि ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. तो गेला की तेही गेले. आमच्या मते ही गोष्ट एखाद्या परीक्षेत नापास होण्यापेक्षा अधिक काळजीची आहे.

उपाय अवघड नाही. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, आपल्या बंदरांत होड्या वर ओढतात, साफ करतात, शाकारून ठेवतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि जाळी, दोर, इंजिन यांची कामे निघतात. शाळेलाही मे महिन्यात सुट्टी असते. आपल्या मुलामुलींना, मग ते मुंबई-पुण्यात राहत असले तरी, त्या दिवसांत चार सकाळी धक्क्यावर पाठवा. फोटो काढायला नव्हे, हाताखाली काम करायला. तळ खरवडू द्या, जाळ्याची गाठ मारू द्या, इंजिनाचे तेल बदलताना बॅटरी धरून उभे राहू द्या. कपडे खराब होतील, ते धुता येतात. घरात आजोबांचे जुने खलाशी पुस्तक पेटीत असेल तर बाहेर काढा, कुठल्या बोटीवर कुठला हुद्दा होता ते मुलांना वाचून दाखवा. आजोबा हयात असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि दोराचे दोन तुकडे एकमेकांत विणून कसे जोडतात ते शिकवायला सांगा. त्यांचे हात थरथरत असतील, पण ती वीण ते विसरलेले नसतील.