टेकडी कोणाच्या नावावर?

जुलै उजाडला की पुण्यात मोबाईलवर निमंत्रणं सुरू होतात. रविवारी सकाळी सहाला टेकडीवर वृक्षारोपण, येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. मीही गेलोय. खड्डा खणला, रोप लावलं, फोटो काढला, खाली उतरून पोहे खाल्ले. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप. या मंडळींच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, ज्या जमिनीवर आपण झाड लावतो तिचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? एवढ्या वर्षांत हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हा प्रश्न टाळला की काय होतं, ते पुण्याने पाहिलं आहे. महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडावं म्हणून नागरिक वर्षानुवर्षं भांडले. २०१५ मध्ये राज्य सरकारने ते मंजूर केलं. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. टाळ्या वाजल्या. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. यातली बरीच जमीन खासगी. मालकापुढे मोबदला ठेवला तो आठ टक्के टीडीआरचा. त्याला तो परवडेना, महापालिकेच्या ताब्यात जमीन येईना, आणि उतारावर गुंठ्यागुंठ्याने प्लॉट विकले जाऊ लागले. आधी पत्र्याची शेड, मग स्लॅब. नकाशावर रंग हिरवाच राहिला.

२०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यांना सलाम. पण टेकडी वाचवायला मोर्चा पुन्हा पुन्हा काढावा लागतो. तिच्यातून रस्त्याची रेघ एकदाच मारली की पुरते. ही लढाई बरोबरीची नाही.

यावर एक उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, बॉस्टनजवळ सापडलं होतं. चार्ल्स एलियट नावाचा तिशीतला तरुण उद्यानरचनाकार होता. त्याचा युक्तिवाद साधा होता. ग्रंथालय लोकांसाठी पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, मग लोकांसाठी रान, टेकडी, नदीकाठ सांभाळणारी संस्था का नको? १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तसा कायदा केला आणि 'ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' उभी राहिली. चारच वर्षांनी इंग्लंडमध्ये त्याच धर्तीवर नॅशनल ट्रस्ट निघाला. आज त्या एका राज्यात गावोगावी असे भूमी-न्यास आहेत. कित्येकांत पगारी माणूस एकही नाही. शिक्षक, निवृत्त कारकून, गृहिणी, वकील मिळून चालवतात.

ही माणसं झाडं कमी लावतात, कागद जास्त सांभाळतात. कुणी जमीन दान देतं, कुठे वर्गणी काढून ती विकत घेतात. आणि जिथे मालकाला जमीन सोडायची नसते तिथे करार होतो: मालकी तुझी, शेती तुझी, पण बांधकामाचा हक्क तू कायमचा सोडलास. जमीन उद्या विकली तरी नव्या मालकावर हा करार बंधनकारक. त्यासाठी मॅसॅच्युसेट्सने १९६९ मध्ये कायदा केला. मग स्वयंसेवक नकाशा घेऊन हद्दीवरून चालत जातात. कुंपण सरकलं का, राडारोडा पडला का, ते बघतात. कंटाळवाणं काम आहे. फोटो चांगला येत नाही. पण जमीन त्यानेच टिकते.

आपल्याला हे नवं वाटावं, याचं मला नवल वाटतं. वक्फ म्हणजे तरी काय? मालकी सोडायची, विकायचं नाही, वारशात वाटायचं नाही, फायदा लोकांच्या कामी लावायचा. देवराईतही तेच: रान देवाचं, त्यातली काडी घरी आणायची नाही. म्हणजे 'कायमचं सोडून देणं' ही कल्पना या मातीत दोन्ही घरांत होती. आणि आपण तिचं काय केलं? वक्फच्या जमिनी असोत की देवस्थान इनामाच्या, लचके दोन्हींचे तोडले गेले, बरेचदा विश्वस्तांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा नुसता ट्रस्ट काढून भागणार नाही. हिशेब उघडा हवा, आणि हद्दीवर चालणारी माणसं हवीत.

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची चैन आहे. आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या काही सधन गावांनी 'निसर्ग' पुढे करून स्वस्त घरं आणि गरीब माणसं लांब ठेवली, हा आरोप तिथेही होतो. इथेही पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. टेकडी वाचवा म्हणताना आधी झोपडीकडे बोट दाखवायचं आणि शेजारच्या बंगल्याकडे काणाडोळा करायचा, हा ढोंगीपणा झाला. माझं उत्तर असं की, टेकडीच्या न्यासात पायथ्याच्या वस्तीतली माणसं सभासद नसतील, तर तो न्यास होऊच नये. उन्हाळ्यात टेकडीवरच्या वाऱ्याची गरज पत्र्याखाली झोपणाऱ्याला जास्त आहे.

अडचण कायद्याची आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हेतू चांगला, पण राखण्यासाठी जमीन घेऊ पाहणारी संस्थाही त्यातच अडकते. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं. खासगी जमीनही स्वेच्छेने त्यात देता येते, आणि मग व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय तिचा वापर बदलता येत नाही. नागालँड, मेघालयाने हा रस्ता भरपूर वापरला. आपण का नाही?

म्हणून मागायचं असेल तर हे मागू या. बांधकामाचा हक्क सोडल्याचा करार सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात कायमचा चढेल, असा कायदा. तो हक्क सोडणाऱ्या मालकाला परवडेल असा मोबदला. आणि राखण्यासाठी जमीन घेणाऱ्या, हिशेब उघडा ठेवणाऱ्या संस्थेला परवानगीची सोपी वाट.

यंदाही निमंत्रण येईल. मी जाईन. फक्त कुदळीऐवजी टेकडीचा गट नंबर आणि सातबाऱ्याचा उतारा घेऊन जाईन. रोप लावणारे शंभर जण असतील. मला उतारा वाचणारे दहा हवेत.