सरड्याची धाव आणि रातकिड्यांची हजेरी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तीन महिने लेकीकडे न्यू जर्सीला राहून आलो. पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास जाग आली आणि कानावर ओळखीची किरकिर पडली. अर्धवट झोपेत वाटलं, आपण सोनगीरलाच आहोत, पाऊस पडून गेलाय आणि परसात रातकिडे ओरडताहेत. मग भान आलं. खिडक्या बंद, एसी चालू, आणि किरकिर चालली होती ती स्वयंपाकघरातल्या फ्रीजमागे!

सकाळी लेकीला विचारलं तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "बाबा, ते पोपटचं जेवण आहे. पळून गेलेलं."

पोपट म्हणजे पक्षी नव्हे बरं का. माझ्या बारा वर्षांच्या नातवाने पाळलेला सरडा. रंगाने हिरवागार म्हणून नाव पोपट. इंग्रजीत याला व्हेल्ड कॅमेलिअन म्हणतात. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाकडचा. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे, आणि जीभ अंगाच्या लांबीपेक्षाही पुढे जाणारी. आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसतो तो सरडा वेगळा. याचा भारतातला भाऊबंद म्हणजे घोयरा सरडा. (इथेच सांगून टाकतो. घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी शेतातून उचलून आणू नये.)

तर या पोपटला जिवंत किडे लागतात. तिकडे दुकानात रातकिडे मोजून डब्यात भरून विकत मिळतात, हे पाहून आमच्या सौ. थक्कच झाल्या. "आपल्याकडे फुकट, तेही नको तेवढे," म्हणाल्या. दुकानदाराने नातवाला सांगितलं होतं, पंधरा-वीस रातकिडे पिंजऱ्यात सोडून दे, लागतील तसे तो खाईल. मुलगा तसं करत होता. संध्याकाळी शाळेतून आला की डबा उपडा करायचा, झाकण लावायचं, की झालं काम.

आम्ही जाऊन आठवडा झाला असेल. एके सकाळी पोपट नेहमीसारखा वर दिव्याखाली उन्हाला बसला नव्हता. खालच्या फांदीवर, एक डोळा मिटून. मागच्या पायावर दोन ठिकाणी कातडी कुरतडलेली, पापणीच्या कडेलाही लाल ठिपका. नातू रडवेला झाला. त्याला वाटलं काही रोग झाला. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "रात्री पिंजऱ्यात किडे राहतात का?"

रातकिडा काहीही खातो. पाला, भाजी, मेलेले किडे, पुठ्ठासुद्धा. उपाशी आणि तहानलेला असला की झोपलेल्या सरड्याची मऊ कातडी कुरतडायलाही कमी करत नाही. सरडा दिवसा शिकारी, पण अंधार पडला की त्याला काही दिसत नाही आणि तो गाढ झोपतो. दिवसा जो जेवण होता, तो रात्री जेवणारा होतो!

आपण म्हणतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. रानातला घोयरा झोपायला बारीक फांदीच्या टोकावर जातो. तिथे त्रास झाला तर दुसरी फांदी असते, दुसरं झाड असतं. पिंजऱ्यातल्या सरड्याला कुंपणच आपण घातलेलं. त्याच्यासोबत आत कोण राहणार हेही आपणच ठरवलेलं. मग रात्री त्याचं काय झालं याचा जबाब त्याने द्यायचा की आपण?

माझं मत स्पष्ट आहे. किडे आत सोडले म्हणजे खाऊ घातलं, असं होत नाही. किती दिले, किती खाल्ले आणि उरलेले परत काढले का, या तिन्हींचा हिशेब लागला तरच खाऊ घातलं म्हणावं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाचवीच्या मुलांना घेऊन सोनगीरच्या किल्ल्यावर गेलो होतो. वर जाताना अडतीस मोजले. उतरताना उन्हं कललेली, पोरं दमलेली, मीही दमलेलो. मोजलेच नाहीत. शाळेच्या दारात आल्यावर कळलं, एक कमी. धावत परत गेलो. पोरगा तटाआड बोरं वेचत बसला होता. त्याला काही झालं नव्हतं, पण त्या अर्ध्या तासात माझं काय झालं ते मलाच माहीत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी नेताना आणि आणताना, दोन्ही वेळा मोजलं.

नातवाला हीच गोष्ट सांगितली आणि एक वही दिली. तीन रकाने आखले: दिले, खाल्ले, काढले.

मग डॉक्टरांनी सांगितलेलं आणि नातवाने वाचून काढलेलं एकत्र करून आम्ही व्यवस्था लावली. पिंजरा एकदा पूर्ण रिकामा केला. कुंडीतल्या ओल्या मातीत रातकिडे लपतात, तिथेच अंडी घालतात, म्हणून मातीवर तोंडात न मावणारे मोठे गोटे पसरले. तळाची फट बंद केली. उरलेल्या चुकारांसाठी संध्याकाळी तळाशी गाजराची चकती आणि अंड्यांच्या ट्रेचा तुकडा ठेवायचा. रातकिड्यांना असा अंधारा कोपरा फार आवडतो. थोड्या वेळाने तुकडा अलगद उचलून डब्यात झटकला की निम्मे गुन्हेगार हजर!

आणि जेवणाचं ताट? ते मिळालं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. (तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये सगळं मिळतं हो.) पांढरा, खोल, गुळगुळीत प्लॅस्टिकचा. गुळगुळीत भिंतीवर रातकिड्याचे पाय टिकत नाहीत. आत मागच्या बाजूला जाळीची पट्टी चिकटवली, काठाच्या बरीच खाली संपणारी. किडे तिच्यावर चढतात, त्यामुळे सरड्याला दिसतात. डबा पारदर्शक नको, नाहीतर तो बाहेरूनच जीभ मारत बसतो. तारेने तो त्याच्या आवडत्या फांदीसमोर टांगला. पहिले दोन दिवस पोपटने ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे एकदम डब्याकडे वळले, जीभ सुटली आणि सौ. "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागे सरकल्या.

काही जण म्हणतात, अशाने त्याची शिकार करण्याची सवय जाईल, किडे मोकळेच हवेत, तेवढाच व्यायाम. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. चोवीस तास एका जागी बसून ताटात जेवणं कुणालाच बरं नाही. पण त्यासाठी वीस किडे सोडून निघून जायची गरज नाही. दिवसाउजेडी, समोर उभं राहून, एकेक सोडा. तो पकडेपर्यंत पाहा. मगच दुसरा. दहा मिनिटं जातील. ती दहा मिनिटं नसतील तर प्राणी पाळायची हौस कशाला?

आणखी एक बाजू मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हती. रातकिड्याच्या अंगात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. नुसते तेच खाऊन सरड्याची हाडं मऊ पडतात. म्हणून देण्याआधी एक-दोन दिवस रातकिड्यांनाच गाजर, हिरवा पाला असं चांगलंचुंगलं खायला घालतात आणि ऐनवेळी वर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. आता जो रातकिडा चार दिवस कुंडीमागे लपून उपाशी राहिला, त्याच्या पोटात काय असणार? पूडही झडून गेलेली. म्हणजे सुटलेला किडा धोक्याचा, आणि खाल्ला तरी निकस. आमचे वडील म्हणायचे, बैलाला काल काय घातलं ते आज औताला कळतं. तसंच हे.

फ्रीजमागच्या गायकांना कंटाळून जावईबापूंनी एकदा झुरळांच्या औषधाचा फवारा आणला होता. मी हात धरला. तो फवारा खाऊन अर्धमेला झालेला किडा फिरत फिरत पिंजऱ्याशी गेला तर? त्यापेक्षा रात्री गाजर ठेवून, बॅटरी घेऊन एकेक पकडावा. आम्ही आजा-नातवांनी आठ दिवसांत अकरा पकडले. वहीत नोंद आहे!

जूनअखेर तिकडे गवतावर काजवे चमकू लागले. नातू बरणी घेऊन निघाला, "आबा, पोपटला देऊ?" मला ते छानच वाटलं होतं. लेकीने अडवलं. तिथल्या काजव्यांच्या अंगात असं विष असतं की एखादा काजवाही पाळलेल्या सरड्याचा जीव घेऊ शकतो. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरालाही तिथे गप्प बसून धडा घ्यावा लागला.

रातकिड्यांचं काय, असं सौ. नेहमी विचारतात. आम्ही माळकरी माणसं, त्यांना हे सगळं जड जातं. मी एवढंच म्हणतो, जीव जीवावर जगतो, ते आपण बदलू शकत नाही. पण त्या किड्यालाही असेल तोवर खायला-प्यायला मिळावं, आणि कोपऱ्यात तहानेने मरू नये. मोजून दिल्याने दोघांचंही भलं होतं.

पायाची जखम महिनाभरात भरली, पापणीवर बारीकसा व्रण राहिला. परवा व्हिडिओ कॉलवर नातवाने वही कॅमेऱ्यासमोर धरली. दिले ६, खाल्ले ५, काढला १. खाली स्वतःची सही. मी इकडून शेरा दिला, "उत्तम."

तुमच्या नात्यात, ओळखीत परदेशी कुणा मुलाने असा प्राणी पाळला असेल तर त्याला एवढंच विचारा: आज किती दिले, आणि किती परत काढले? उत्तर आलं नाही, तर माझी ही गोष्ट त्याला सांगा.