डायनासोरच्या शेणातलं गवत

'ज्युरासिक पार्क'चा विषय निघाला की चाळिशी ओलांडलेला माणूस हटकून सांगतो, 1993चा स्पीलबर्गचा तेवढा खरा, पुढचे सगळे गल्ल्यासाठी काढलेले. गाजलेल्या जुन्या चित्रपटाला हात लावायचा म्हणजे कल्पना आटल्याची कबुलीच, असं हे मत. ऐकायला बाणेदार वाटतं, पण ते टिकत नाही.

कारण 1993चा चित्रपट तरी कुठे आभाळातून पडला होता? कॉनन डॉयलची डायनासोरांवरची कादंबरी 'द लॉस्ट वर्ल्ड' 1912ची. तिच्यावर 1925 साली मूकपट आला. 1960 साली तीच कथा पुन्हा काढली, तेव्हा जिवंत सरड्यांना शिंगं-तुरे चिकटवून डायनासोर म्हणून कॅमेऱ्यापुढे सोडलं होतं. स्पीलबर्गने 1997च्या पुढच्या भागाला डॉयलचंच नाव दिलं. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तोही एका जुन्या गोष्टीचा नवा अवतारच. तो सरस ठरला याचं मोठं कारण संगणकापेक्षा ज्ञानात आहे. शेपूट फरफटवणारा मठ्ठ सरडा ही समजूत मधल्या काळात मोडली होती. जॅक हॉर्नरसारखा जीवाश्मतज्ज्ञ सल्लागार होता, म्हणून पडद्यावर चपळ, पक्ष्यांचे भाऊबंद शोभणारे प्राणी धावले.

आता 2015चा 'ज्युरासिक वर्ल्ड' पाहा. रीतसर रिमेक नव्हे, पण बेट तेच, उद्यान तेच, संकटात सापडलेली दोन भावंडं तशीच आणि कुंपण तोडणारं जनावरही तसंच. चीनमध्ये पिसांच्या खुणा असलेला डायनासोर 1996 सालीच जाहीर झाला होता. तरी इथले प्राणी तुळतुळीतच. वर पटकथेतला शास्त्रज्ञ सांगतो की आम्ही इतर प्राण्यांची जनुकं मिसळली, खरे प्राणी वेगळे दिसले असते. पळवाट म्हणून ठीक आहे! अंगभर पिसांचा शिकारी यायला 2022 उजाडावं लागलं. माझी तक्रार आहे ती इथे. गोष्ट पुन्हा सांगितली याला माझी हरकत नाही, मधल्या बावीस वर्षांत काही न शिकता सांगितली याला आहे.

आणि शिकण्यासारखं बरंच काही आमच्याच मातीत सापडलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण निघाले. 2005 साली 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरच्या काळात गवत असल्याचा भक्कम पुरावा नव्हता आणि जाणकार चित्रकार त्यांच्या पायाखाली गवत रंगवणं टाळत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे कण एकाच नव्हे, अनेक जातींच्या गवतांचे होते आणि त्यांत भाताच्या नात्यातलीही होती. 1993च्या चित्रपटात शेणाच्या ढिगात हात घालण्याचा प्रसंग आहे, त्यावर थिएटरात हशा पिकतो. खऱ्या शेणाने विज्ञानाचं एक गृहीतक उलथवलं, त्याचा मात्र नव्या भागांना पत्ता नाही.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, हा पोराटोरांना घेऊन बघायचा सिनेमा, त्यात विज्ञानाचा कीस काढायचा कशाला? उलट, पोरं येतात म्हणूनच काढायचा. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाच्या नावाने भूगर्भशास्त्रात खडकांचा एक थर ओळखला जातो आणि त्या थरावरून 'कोटासॉरस' हे नाव पडलं. प्राणहिता नदीपलीकडे तेलंगणात सापडलेला त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. त्याच थरातला 'बारापासॉरस टागोरी' कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे, टागोरांच्या जन्मशताब्दीची आठवण नावात घेऊन. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे खरं, पण गडचिरोलीतल्या पोराला टी-रेक्स तोंडपाठ असतो आणि कोटासॉरस ऐकूनही माहीत नसतो. ही उणीव एकटं पाठ्यपुस्तक भरून काढणार नाही, ते काम गोष्टीचं आहे.

मग गोष्ट पुन्हा सांगायचीच तर ती इथून सांगावी. हॉलीवूडच्या कथेत कुंपण तुटतं तेव्हा जीव जायची पाळी प्रामुख्याने पाहुण्यांवर आणि नोकरदारांवर येते. 'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये काचेच्या गोळ्यात बसून डायनासोर बघणारी ती पोरं पाहिली की मला ताडोबातल्या जिप्सी आठवतात. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघ आणि माणूस यांच्यामध्ये कुंपण असतंच कुठे? उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाईने तिकीट काढलेलं नसतं. निसर्गाला कोंडता येत नाही, हे तिला सांगायला 1993च्या चित्रपटातल्यासारख्या कुणा गणितज्ञाची गरज नाही. तिला मध्यभागी ठेवून तीच जुनी कथा रचली, तर ती नक्कल उरणार नाही. 1993च्या चित्रपटाला जे ठाऊकच नव्हतं, ते ती सांगेल.

पैसा कुठून आणायचा, असं कुणी विचारेल. पण त्यासाठी सिनेमाच हवा असं नाही, रंगमंचही चालेल. धान निघालं की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात, तेच विषय नव्या संचात मांडतात आणि मंडप भरतो. याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नवा संच आला म्हणून तिथला प्रेक्षक कंपनीवर कल्पना आटल्याचा ठपका ठेवत नाही. कोटासॉरस रंगमंचावर उभा कसा करायचा, हे वडशाच्या नेपथ्यवाल्यांनी ठरवावं. सरड्याला शिंगं चिकटवण्यापेक्षा ते नक्कीच बरं काहीतरी शोधतील.