निशाण काढले, नाव ठेवले

अपराधाला शिक्षा किती असावी याविषयी मतभेद संभवतात. परंतु शिक्षा कोणाला तरी व्हावयास हवी, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. रशियाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जो मार्ग पत्करला, त्याला आमचा आक्षेप नेमका येथेच आहे.

२०१४ साली सोची येथील हिवाळी सामन्यांत यजमानांनी काय केले, हे आता गुपित राहिलेले नाही. उत्तेजक द्रव्ये घेतलेल्या खेळाडूंच्या लघवीचे नमुने रात्री प्रयोगशाळेच्या भिंतीतील छिद्रातून बाहेर जात, आणि आधीच साठवून ठेवलेले निर्दोष नमुने त्यांची जागा घेत. मॉस्कोच्या प्रयोगशाळेचे माजी प्रमुख ग्रिगोरी रोदचेन्कोव्ह यांनी २०१६ साली ही हकीगत उघड केली. त्याच वर्षी कॅनडाचे कायदेपंडित रिचर्ड मॅकलॅरेन यांच्या चौकशीने तिला दुजोरा दिला. क्रीडाखाते, प्रयोगशाळा आणि गुप्तचर खाते यांचे हे संगनमत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोहात पडलेल्या एखाद्या तरुणाचा हा अपराध नव्हे. तो कचेरीत बसून, योजनापूर्वक केलेला अपराध होता.

यावर निकाल काय लागला? ५ डिसेंबर २०१७ रोजी रशियाची ऑलिंपिक समिती निलंबित झाली. पण पुढच्याच फेब्रुवारीत प्याँगचँगला १६८ रशियन खेळाडू उतरले. ध्वज ऑलिंपिकचा, गीत ऑलिंपिकचे, आणि नाव मात्र ‘रशियातील ऑलिंपिक खेळाडू’! कचेरीत अफरातफर झाली म्हणून दारावरची पाटी उतरवावी आणि आतले कामकाज पूर्ववत चालू द्यावे, अशातलाच हा प्रकार. बर्फावरील हॉकीत ह्या संघाने जर्मनीला ४-३ असे हरवून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा ऑलिंपिकगीताचे सूर चालू असतानाच खेळाडूंनी आपले राष्ट्रगीत म्हटले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. राष्ट्राचा संघ हा राष्ट्राचाच असतो. त्याला तटस्थ म्हणणे हीच मुळात लबाडी होती. तीनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, निलंबनही उठले. ह्याच पथकातील दोघांच्या तपासणीत उत्तेजक द्रव्ये आढळली होती, तीही आड आली नाहीत.

यावर प्रतिवाद होतो, की राज्यकर्त्यांच्या पापाचे फळ निर्दोष खेळाडूंनी का भोगावे? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्याला तर तो परका नाही. त्याच सोचीत उद्‌घाटनाच्या दिवशी शिव केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल हे तीन भारतीय बिनतिरंग्याचे चालले. त्यांनी कोणते औषध घेतले होते? काहीही नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या निवडणुकांतील गैरप्रकारांमुळे ती डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. संघटना ११ फेब्रुवारी २०१४ रोजी परत आली. पण तोवर केशवन यांची घसरगाडीची शर्यत संपलीही होती. दोष खुर्चीतल्यांचा, आणि मान खाली घालावी लागली मैदानातल्यांना.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की निर्दोष खेळाडूने एकट्याने, स्वतःच्या नावावर अवश्य खेळावे. मात्र आपले निर्दोषत्व आधी कसोटीला लावून, आणि देशाचे नाव कोणत्याही आडवाटेने न मिरविता. संघ म्हणून कोणालाही प्रवेश नसावा. आणि खरा दंड पदाधिकाऱ्यांना व्हावा. प्रत्यक्षात घडले उलटेच. तेव्हाचे क्रीडामंत्री व्हिताली मुत्को यांच्यावरील तहहयात ऑलिंपिकबंदी क्रीडा लवाद न्यायालयाने २०१९ साली रद्द ठरविली. २०२२ साली बीजिंगला पुन्हा तोच देखावा. ह्या वेळी नाव रशियन ऑलिंपिक समितीच्या आद्याक्षरांचे, आणि राष्ट्रगीताच्या जागी चायकोव्हस्कीचे संगीत. तेथे सापडली कोण, तर पंधरा वर्षांची कामिला वालिएवा. ती २०२४ च्या जानेवारीत अपात्र ठरली, आणि तिच्या संघाकडून हरलेल्या अमेरिकन व जपानी स्केटिंगपटूंना आपली पदके मिळाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या उन्हाळ्यात!

पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती ते औषध आपल्या पायांनी चालत आले असेल, असे कोण मानील? सरकारी चाकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना हे विशेष करून सांगावयास नको. कागदावर सही वरिष्ठाची असावी आणि निलंबनाचा हुकूम मात्र शिपायाच्या नावे निघावा, ही रीत त्यांच्या परिचयाची आहे. ती कचेरीत अन्याय्य असेल, तर बर्फावर ती न्याय्य कशी ठरते? ऑलिंपिक समितीने निशाणे गुंडाळण्यापूर्वी सह्या तपासाव्यात.